यानात आपल्यासारखं कुणीच कामून नाही?

प्रश्न : गंगाखेड तालुक्यातल्या शाळेत शिकवते. शनिवारी सातवीच्या मुलींना जुने इंग्रजी विज्ञानपट दाखवते, मधे मधे थांबवून मराठीत सांगते. परवा एकीनं विचारलं, "मॅडम, यानात आपल्यासारखं कुणीच कामून नाही?" मला उत्तर सुचलं नाही. हे सिनेमे बंद करू का? (एक शिक्षिका)

उत्तर : ताई, बंद करू नका. पोरीनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय.

मी औरंगाबादला बारा वर्षं थेटरात ऑपरेटर, म्हणजे सिनेमाचं यंत्र चालवणारा, होतो. ऑपरेटरला सिनेमा रिळांत आठवतो. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९६८) आमच्याकडं मॉर्निंग शोला लागला होता. यानात चौघं, तीन पुरुष आणि एक बाई. बाई पहिल्याच रिळात झोपेच्या पेटीत मरून वाळलेली. माकडं माणसांची शिकार करतात, त्यात काळा अंतराळवीर डॉज मरतो. पुढं दिसतो तो संग्रहालयात, पेंढा भरून उभा केलेला. ते रीळ आलं की मी यंत्राच्या दिव्यातली कार्बनची कांडी सरकवायच्या निमित्तानं पाठ फिरवायचो.

त्याआधीचं तर विचारू नका. 'फ्लॅश गॉर्डन' (१९३६) मधला दुष्ट मिंग नावापासून मिशीपर्यंत चिनी थाटाचा, नट मात्र गोरा, चार्ल्स मिडलटन. 'फॉरबिडन प्लॅनेट' (१९५६) तेविसाव्या शतकातला, तरी सगळं दल गोरं. अगदी आचारीसुद्धा!

यात नुसता विसराळूपणा नव्हता. हॉलिवूडच्या नियमावलीत गोऱ्या-काळ्यांचं प्रेम दाखवायला बंदीच होती. ते कलम १९५६ मध्ये काढून टाकलं, पण नियम गेला म्हणून धीर थोडाच येतो? हे बघायचं तर 'द वर्ल्ड, द फ्लेश अँड द डेव्हिल' (१९५९) बघा. मी गेल्या उन्हाळ्यात नातवाच्या लॅपटॉपवर पाहिला. काळा नट हॅरी बेलाफोंटे यात खाणीत अडकतो; वर येतो तर जगात माणूस नाही. रिकाम्या न्यूयॉर्कमध्ये त्याला एक गोरी बाई भेटते. अख्खं शहर मोकळं, तरी हा वेगळ्या इमारतीत राहतो. ती केस कापून दे म्हणते, तर कात्री चालवताना याचा जीव कासावीस. तिच्या वाढदिवसाला हॉटेल सजवतो, गाणं लावतो, वाढतो; ती शेजारी बस म्हणते, तर हा बसत नाही. वाढप्याला गिऱ्हाइकासोबत बसायची परवानगी नाही म्हणतो.

परवानगी देणारा एकही माणूस उरलेला नाही, बरं का. मी लॅपटॉप बंद करून ओट्यावर जाऊन बसलो. आमच्या गावात न्हाव्यानं कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, हॉटेलात कुणाची कपबशी बाहेर वळचणीला ठेवायची, हे मी लहानपणी पाहिलेलं. दिग्दर्शकाला मराठवाडा ठाऊक असायचं कारण नाही. पण ती खुर्ची मला ओळखीची वाटली.

तिसरा माणूस, एक गोरा पुरुष, आल्यावर मात्र सिनेमा ढेपाळतो. दोघं पुरुष बंदुका घेऊन एकमेकांमागं पळतात, शेवटी तिघं हातात हात घालून चालू लागतात. मला ते पटलं नाही.

'एलियन' (१९७९) मध्ये रिप्ली ही बाई शेवटपर्यंत टिकते, आणि यंत्रखोलीतला काळा पार्कर सुरुवातीलाच पगाराच्या हिश्श्यावरून हुज्जत घालतो. माझा लाडका माणूस. पण तो सिनेमा सातवीला नको, पोरी रात्री झोपणार नाहीत.

त्या मुलीसाठी बेलाफोंटेचाच लावा. दीड तासाचा आहे, दोन शनिवार धरा. वाढदिवसाच्या प्रसंगाला थांबवा आणि तिलाच विचारा, हा खुर्चीवर कामून बसंना?