कार्बन फ्रेमला चढवा, काचेला जखडू नका

तुमच्या विमानाची कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचं उघडणारं पारदर्शक झाकण, एका हाताने उचलली की पिळवटते, पुढचा कोपरा दाबल्याशिवाय बसत नाही; म्हणून फ्रेमवर कार्बन फायबर चढवून अ‍ॅक्रिलिकची काच त्यालाच इपॉक्सी रेझिनने पक्की चिकटवायचा तुमचा विचार आहे. कार्बन जरूर चढवा. काच मात्र तशी चिकटवू नका.

मी तेच केलं होतं, ऐन मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये. डिसेंबरात एका पहाटे शेड उघडली, तर काचेत मागच्या स्क्रूपासून वीतभर चीर गेलेली. १ मीटर अ‍ॅक्रिलिक १० अंशांच्या फरकाने साधारण ०.७ मिलिमीटर आकसतं, कार्बन जवळपास हलतच नाही. सोलापूरचा मे आणि डिसेंबरची पहाट यांत २५ अंश सहज जातात. तो सगळा ताण स्क्रूच्या भोकावर येतो. काच लवचीक पॉलियुरेथेन गोंदावर, २-३ मिलिमीटर जाडीच्या थरावर बसवा. स्क्रू हवेतच असतील तर भोकं मोठी ठेवा आणि आवळू नका.

आता पीळ. सोलापुरात राहता, ताणा-बाणा तुम्हाला सांगायला नको. चादर धाग्याच्या दिशेने ओढली तर ढिम्म हलत नाही, कोपऱ्यातून तिरकी ओढली की लांबते. फ्रेम पिळते तेव्हा जोर असाच तिरका येतो. म्हणून कार्बनचं कापड उरेब कापा, म्हणजे धागे ४५ अंशांत येतील. वळणावरही ते चुणी न पडता बसतं. आणि थर फ्रेमभोवती पूर्ण गुंडाळून नळी बंद करा, टोकं एकमेकांवर इंचभर चढू द्या. उघड्या पट्टीवर कितीही थर दिले तरी ती पिळतेच. पट्टी उघडी असेल तर आधी फोम भरून आकार द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या बिजागरीपाशी मध्ये काचतंतूच्या कापडाचा एक थर हवाच, नाहीतर कार्बनच्या संगतीने अ‍ॅल्युमिनियम गंजतं.

हे सगळं काच बसवण्याआधी, पण फ्रेम विमानावर बंद करून, कडी लावून करा. खाली पॅकिंग टेप चिकटवा म्हणजे रेझिन बॉडीला धरणार नाही. फ्रेम ज्या आकारात सुकेल त्याच आकारात राहील, वाकडी सुकली तर कायमची वाकडी. पूर्ण कडक होईपर्यंत उघडून बघायचा मोह आवरा.

साध्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास नरम पडू लागतं आणि काळा कार्बन आपल्या उन्हात त्याच्याही वर तापतो. रेझिनच्या माहितीपत्रकात दिलेलं पोस्ट-क्युअर करा, म्हणजे सुकल्यावर ठरावीक तापमानाला पुन्हा तापवा, वर पांढरा रंग द्या.

काम सुरू करण्याआधी फ्रेमची एक बाजू टेबलाला बांधून दुसऱ्या कोपऱ्यावर २ किलोचं वजन ठेवा, किती झुकते ते मोजून लिहून ठेवा. एक थर झाला की पुन्हा मोजा. दुसऱ्याची गरज आहे का, ते तिथेच कळेल.