महाभारत वाचायला घेताय, तर एवढं ऐका

संपूर्ण महाभारत मुळातून वाचायचं ठरवलंत, फार आनंद झाला. पण आदिपर्वाच्या पहिल्या अध्यायापासून सुरुवात करू नका. तिथल्या अनुक्रमण्या आणि वंशावळींतच अनेकांचा उत्साह संपतो. सभापर्वातलं द्यूत आधी वाचा, मग उद्योगपर्व. आदिपर्वाकडे नंतर वळा.

आवाका मोठा आहे. 18 पर्वं, परंपरेनं एक लाख श्लोक. 700 श्लोकांची गीता म्हणजे एकट्या भीष्मपर्वाचाही लहानसाच भाग!

पुण्यात आहात, तर भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्तीच धरा. शेकडो हस्तलिखितं ताडून पाहण्याचं हे काम 1919 साली सुरू झालं आणि 1966 साली पुरं झालं. तिच्यात एक गोष्ट तुम्हाला नक्की खटकेल. गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची कथा मुख्य संहितेत नाही. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीनं केलेला कृष्णाचा धावाही नाही. म्हणून रागावू नका. संपादकांनी हे काही टाकून दिलेलं नाही, तळटीपांत आणि परिशिष्टांत जपलंय. ते जरूर वाचा. पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात तो धावा ऐकून लोकांनी डोळे पुसलेत. माझ्या मते या ग्रंथाचं धर्मातलं स्थान समजायला हे श्लोकसुद्धा तितकेच महत्त्वाचे आहेत.

संस्कृत कच्चं असेल तर शेजारी मराठी भाषांतर ठेवा, पण श्लोक मोठ्यानं म्हणा. बहुतेक श्लोकांचा अनुष्टुभ छंद लवकर कानात बसतो. शांतिपर्व सगळ्यांत मोठं. त्याला घाई नको.