काम जर्मनीत, परमिट पोलंडचं

प्रश्न : मुलगा आयटीआय फिटर, वय २३. दोन वर्षं चाकणला कंत्राटदाराकडे आहे. एक एजंट साडेतीन लाख मागतोय. आधी पोलंडच्या एजन्सीत, दोन महिन्यांनी जर्मनीच्या कारखान्यात, असं म्हणतो. पैसे भरू का? – एक आई, भोसरी

उत्तर : ताई, अजून एक रुपयाही देऊ नका. टोकनसुद्धा नको.

परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालचा परवाना लागतो, आणि उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतो. परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नाव, पत्ता, मुदत, तिन्ही जुळायला हवं. "आमचं टाय-अप आहे" म्हणत दुसऱ्याचा नंबर दाखवणारे बरेच असतात. रोख मागितली की उठून या.

खरी मेख पुढे आहे. चाकणला काम कंपनीत आणि पगार कंत्राटदाराचा, तसंच हे, फक्त मध्ये दोन देश. पोलंडचं वर्क परमिट त्यावर नाव असलेल्या मालकापुरतं असतं. त्यावर जर्मनीत फिरता येईल, नोकरी करता येणार नाही. पोलिश कंपनीने स्वतःच्या कामासाठी माणूस तिकडे पाठवायचा तर 'वॅन्डर एल्स्ट' व्हिसा आधी काढावा लागतो, सोबत सोशल सिक्युरिटीचा 'ए-वन' दाखला. आणि युरोपबाहेरच्या कामगाराला जर्मनी कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत यायला सहसा परवानगीच देत नाही. पोलंडचा वळसा दाखवतात तो म्हणूनच. जर्मनीत कोणत्या व्हिसावर काम करणार, हे एजंटाकडून लेखी घ्या. तपासणीत सापडला तर परत मुलालाच पाठवतील.

ऑफर लेटरमध्ये तासाचा दर आणि भत्ता वेगळे मांडलेत का बघा. दर फुगवतात तो इथेच. प्रवास-राहण्याच्या खर्चापोटी दिलेला भत्ता युरोपियन नियमांनुसार मजुरीत धरत नाहीत. जर्मनीतलं किमान वेतन २०२६ मध्ये तासाला १३.९० युरो आहे. कागदावर १४ युरो आणि त्यातले ५ युरो असा भत्ता असेल, तर मजुरी ९ च. खोलीभाडं किती कापणार आणि काम नसलेल्या आठवड्याचं काय, हेही करारात हवं.

जर्मनीच हवी असेल तर सरळ रस्ता आहे. मार्च २०२४ पासून तिथे 'रेकग्निशन पार्टनरशिप' नावाचा व्हिसा आहे. त्याला लागतं : किमान दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण, जर्मन भाषेची ए-टू (प्राथमिक) पातळी आणि जर्मन मालकाशी करार. शिक्षणाची मान्यता तिथे गेल्यावर पूर्ण करता येते. फिटरचा ट्रेड दोन वर्षांचाच. भाषा पुण्यात मॅक्सम्युलर भवनात शिकता येईल. आयटीआयचं सर्टिफिकेट, चाकणच्या पगाराच्या स्लिपा आणि पीएफचा उतारा मात्र आत्ताच गोळा करा. कंत्राटदार बदलला की जुने कागद मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.