बहिणीला बी.एस्सी. नर्सिंगसाठी कर्नाटकात पाठवावं का? एजंट आजच सीट बुक करा म्हणतोय

बहिणीला बारावीला पीसीबी-इंग्रजीत ५८ टक्के आहेत, सीईटीवर सरकारी कॉलेज लागत नाही आणि एजंट बंगळुरूच्या सीटसाठी टोकन मागतोय, असं तुम्ही लिहिलंय. टोकन आज तरी भरू नका. बाहेरच्या राज्यात शिकणं वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. मी सोलापूरची, कर्नाटकातून नर्सिंग केलं, आता पुण्यात आयसीयूला आहे.

‘आज भरलं नाही तर सीट जाईल’ हे आम्हालाही ऐकवलं होतं. आमचे वर्ग सुरू झाल्यावर महिनाभर नव्या मुली येतच होत्या!

माझ्या वडिलांनी हॉस्टेल पाहिलं, मेस पाहिली, लॅबमधले पुतळे पाहिले. हॉस्पिटल पाहायचं कुणाला सुचलंच नाही. कॉलेजचं स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल हवं असा नियम आहे. आमच्या कॉलेजचं होतंही, पण खाटांवर चादरी कडक इस्त्रीच्या आणि पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लेबर रूमच्या पोस्टिंगला, म्हणजे प्रत्यक्ष सरावाला, बसने दीड तास लांब सरकारी दवाखान्यात जायचो. तिथे एका बाळंतिणीभोवती तीन कॉलेजांच्या मुली. लॉगबुक म्हणजे आपण केलेल्या कामांची नोंदवही, ती भरायची तर प्रत्येकीला आकडा हवा, मग काय होतं ते तुम्ही समजा. मी खरी शिकले ती तिथल्याच एका सिस्टरमुळे. नाइटला थांबलीस तर हात लावू देईन, म्हणाल्या. मी थांबले.

म्हणून बहिणीला घेऊन सकाळी दहाला जा आणि ओपीडीत बसून गर्दी बघा. मग चौथ्या वर्षाच्या मुलींना कॉलेजच्या माणसांपासून बाजूला घेऊन विचारा, की तू स्वतःच्या हाताने किती डिलिव्हरी केल्यास? त्यांचे चेहरेच सांगतील.

कागदांचं थोडक्यात सांगते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या साइटवर राज्यवार कॉलेजांची यादी असते, जागांच्या आकड्यासकट. त्यात नाव शोधा. आपल्या बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आधीच काढून ठेवा. मूळ मार्कशीट तपासायला दाखवा आणि परत घेऊन या. माझ्या वर्गातल्या एकीने पहिल्याच वर्षी सोडायचं ठरवलं, तर तिची मार्कशीट चारही वर्षांच्या फीपायी अडकली. फी, हॉस्टेल, युनिफॉर्म, बस, परीक्षा, सगळं लेखी घ्या. आपला जातीचा दाखला तिथल्या राज्य कोट्यात चालत नाही, त्यामुळे एजंट स्कॉलरशिपचं गाजर दाखवत असेल तर आधी आपल्या समाजकल्याण कार्यालयात विचारून या. आणि ‘हजेरीची गरज नाही’ असं तो म्हणाला तर तिथेच फोन ठेवा.

पास झाल्यावर आधी कर्नाटकच्या कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन आणि मग ते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे आणायचं. मी कागद उशिरा टाकले आणि हातातली नोकरी घालवली. चूक माझीच.

५८ टक्के आहेत तर एम्सची परीक्षाही बघा. खुल्या वर्गाला ५५ लागतात. तिने मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दिली असेल तर पुद्दुचेरीचं जिपमर हे केंद्राचं मेडिकल कॉलेज आहे, मुलींसाठी लष्करी नर्सिंग आहे. केंद्राच्या संस्थांत ओबीसीला केंद्राच्या यादीचा दाखला लागतो, तलाठ्यापासून सगळ्यांना तो वेगळा काढायला सांगावा लागतो.

कन्नड येत नाही याची भीती वाटत असेल, तर ती सोडा. वर्गात इंग्रजी चालतं. वॉर्डात मी पहिल्या आठवड्यात दोनच वाक्यं शिकले, ‘एल्लि नोवु’ म्हणजे कुठे दुखतंय, आणि ‘ऊट आय्ता’ म्हणजे जेवलात का. दुसऱ्या वाक्याने आज्ज्या जास्त बोलायच्या.

एजंटला आता एवढंच विचारा, की मुली पोस्टिंगला कुठल्या हॉस्पिटलात जातात आणि तिथे रोज किती पेशंट असतात. काय म्हणतो ते इथे लिहा, मी बघते.