गुडघ्याखालची गोधडी

पत्र: वय 67, निवृत्त शिक्षिका. पाच आठवड्यांपूर्वी उजवा गुडघा बदलला, डाव्याची तारीख तीन महिन्यांनी आहे. रात्री ठणका लागतो. हे उठून गुडघ्याखाली गोधडीची घडी ठेवतात, तेव्हा कुठे डोळा लागतो. पाय पूर्ण सरळ होत नाही, 90 अंशांपुढे वाकतही नाही. गोळ्यांची सवय लागेल म्हणून त्या टाळते. शेजारच्या काकू तीन आठवड्यांत देवळात जायला लागल्या होत्या. सून विचारते, "आई, बरं वाटतंय ना?" मी "हो" म्हणते. दुसरा गुडघा करूच नये असं वाटतं, पण ह्यांना सांगवत नाही.

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या गोधडीपाशी थांबले. आधी तिचंच बोलते, कारण ती तिथून काढायची आहे.

गुडघा जरासा वाकवून ठेवला की बरं वाटतं, खरंय. पण रात्रभर तो तसाच राहिला तर मागच्या बाजूने आखडतो आणि मग सरळ व्हायचं नाव घेत नाही. पाय सरळ झाला नाही की चालताना लंगडणं आलंच. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिवसा कमावलेलं रात्री गोधडी खाऊन टाकते. तीच घडी जागेपणी टाचेखाली घ्या. गुडघा अधांतरी राहील आणि स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली येईल. दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दुखेल, पण चालेल. झोपताना मात्र पाय सरळ.

हे यजमानांना जपून सांगा हं. ऑपरेशन तुमचं झालं, पण घाबरलेत ते, आणि तुमच्यासाठी करण्यासारखं त्यांना तेवढंच सापडलंय. ते काढून घेताना हाती दुसरं काम द्या: टॉवेलात गुंडाळलेला बर्फ व्यायामानंतर पंधरा मिनिटं धरणं, पाय उचलताना आकडे मोजणं. इतकी वर्षं वर्गात तुम्ही मोजलेत, आता त्यांना मोजू देत.

पाच आठवड्यांना रात्रीचा ठणका असतो. गुडघा हाताला गरम लागणं, संध्याकाळी सुजणं, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणं, हेही काही महिने चालतं. माझा स्वतःचा गुडघा बदलला तेव्हा सहाव्या आठवड्यात मी घरात जाहीर केलं होतं, जुना परत बसवून द्या म्हणून. काकू तीन आठवड्यांत देवळात गेल्या असतील, पण घरी येऊन किती वेळ पाय वर करून पडल्या होत्या ते कुणी पाहिलंय? मात्र पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं किंवा धाप लागली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गोळ्या टाळणं ही बहादुरी नव्हे. दुखत असलं की आपण व्यायाम अर्धवट सोडतो, आणि गुडघा तिथेच अडकतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घेतली तर चालेल का, ते त्यांना विचारा. मनाने वाढवू नका, मनाने बंदही करू नका. आणि पाय सरळ होत नाही, 90 च्या पुढे वाकत नाही, हे पुढच्या तपासणीपर्यंत मनात ठेवू नका, फोन करून आजच कळवा. खुर्चीत बसायला 90 पुरतात, पण खुर्चीतून सहज उठायला आणि जिना उतरायला त्याहून जास्त लागतं. आखडलेला गुडघा लवकर दाखवला तर सोडवणं सोपं जातं.

दुसऱ्या गुडघ्याचं? रात्री दोन वाजता ठरवायची ही गोष्ट नाही. तारीख पुढे ढकलता येते, ते तुमच्या हातात आहे, आणि यजमानांना हे याच आठवड्यात सांगा. फक्त एक लक्षात ठेवा, डावा दुखत राहिला तर उजव्यावरचा भार वाढतो. निर्णय होईपर्यंत डाव्या मांडीला बळ द्या: पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा, पाच मोजायचे, खाली. ऑपरेशन करायचं ठरलंच तर आधी दात तपासून घ्या आणि साखरही पाहा. तोंडातला संसर्ग नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो.

आणि सूनबाईंनी उद्या विचारलं ना, तर म्हणा, "नाही गं, रात्रभर दुखत होतं. ती गोळी कुठे ठेवलीयस?"