आवाज वाढवल्यावर कारमधील अ‍ॅम्प्लिफायर बंद का पडतो?

बास वाढताच अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो आणि आवाज कमी केल्यावर पुन्हा चालू होतो, या आपल्या वर्णनावरून दोष अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा त्याच्या वीजपुरवठ्यात असण्याची शक्यता अधिक वाटते. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटरने साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. ते दिसत असतील, तर गाणे मोठ्याने चालू ठेवून बॅटरीवर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांवर, अशा दोन्ही ठिकाणी मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास व्होल्टेज वाटेतच पडत आहे.

त्यानंतर गाणे तसेच चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगच्या (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या ऋण वायरच्या) टोकाला लावावी; मीटरवर दिसतील तेवढे व्होल्ट अर्थिंगच्या वाटेत पडत आहेत. बहुतेक वेळा दोष येथेच सापडतो: अर्थिंगच्या वायरचा बोल्ट पत्र्याच्या रंगावरच आवळलेला असतो. रंग खरवडून तो उघड्या, जाड पत्र्यावर घट्ट बसवावा. अर्थिंग ठीक निघाल्यास फ्यूजहोल्डर (वीजपुरवठ्याच्या वायरवरील फ्यूज बसवायची डबी) गरम होतो का, हे पाहावे आणि ती वायर कशाची आहे हे कळण्यासाठी तिचे टोक खरवडून पाहावे. स्वस्त वायरिंग किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम सर्रास असते आणि त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा त्याचा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) बराच जास्त असतो. दुकानदार सुचवतात तो कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून क्षणभर पुरवणारा भाग (माझ्या मते अनावश्यक खर्च), यांपैकी एकही दोष दूर करत नाही.