‘टिकाऊ जलरोधक लेप’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की ट्रेकिंगच्या जॅकेटच्या लेबलवर ‘ड्युरेबल वॉटर रेपेलंट’ असतं त्याला ‘टिकाऊ जलरोधक लेप’ म्हटलं तर चालेल का, आणि एवढं टिकाऊ असेल तर दोन पावसाळ्यांत जॅकेट गळायला कसं लागलं.

माझ्या मते तीनपैकी ‘लेप’ तेवढा पास. रोधणं म्हणजे अडवणं, आणि पाणी अडवतो तो आतला पातळ पडदा, मेम्ब्रेन. गोअर-टेक्स या जॅकेटच्या कापडातला मूळ पडदा १९६९ साली रॉबर्ट गोअरने टेफ्लॉनची कांडी झटक्यात ताणली त्यातून निघाला, त्याच्या भोकांतून घामाची वाफ जाते पण पाण्याचा थेंब शिरत नाही. लेप असतो बाहेरच्या कापडावर, त्याने फक्त थेंब पसरू द्यायचा नाही, गोळी करून घरंगळवायचा, अगदी अळवाच्या पानासारखा. आणि आपल्याकडे ‘अळवावरचं पाणी’ कशाला म्हणतात माहितीये ना! ड्युरेबलचा अर्थ इथे एवढाच की पहिल्याच धुण्यात जात नाही.

आता ‘गळतंय’. गेल्या पावसाळ्यात राजमाचीला माझ्या जॅकेटला सॅकच्या पट्ट्यांखाली बरोब्बर काळपट ओले पट्टे पडले, आतला टीशर्ट चिंब, मला वाटलं गेलं जॅकेट. घरी आल्यावर खांद्याचा भाग नळाखाली धरला आणि आतून टिश्यू लावला, पाच मिनिटांनी बाहेरचं कापड गच्च ओलं पण टिश्यू कोरडा! म्हणजे ते गळत नव्हतं, पाणी पीत होतं, पावसाळ्यात भिंत पिते तसं. कापड पाणी प्यायलं की वाफेला बाहेर पडायला वाट उरत नाही, कापड गार पडतं आणि आपलाच घाम आत पाणी होऊन बसतो. इंग्रजीत याला वेटिंग आउट म्हणतात, आपलं ‘पाणी पिणं’ त्याहून नेमकं आहे. (सह्याद्रीत हवाच इतकी दमट की नवंकोरं जॅकेटही आतून घामेजतं, तो दोष लेपाचा नाही.)

लेप घासून जातो तसा मळ, अंगाचं तेल, साबणाचा अंश यांच्याखाली दबतोही, म्हणून सॉफ्टनर नकोच. नीट खळबळून लेबलवर चालेल म्हटलं असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवा, बरेचदा थेंब परत गोल होतात. नाहीच झाले तर नवा स्प्रे. जुने फ्लोरीनवाले लेप तेलसुद्धा उडवायचे आणि जास्त टिकायचे, पण ती रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं तशीच राहतात म्हणून कंपन्या त्यातून बाहेर पडतायत, कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून बहुतेक कपड्यांत बंदीच आहे. बिनफ्लोरीनवाल्यांकडे जास्त वेळा बघावं लागतं.

तर लिहिताना ‘जलप्रतिकर्षी लेप’ लिहा, चुंबकाचं प्रतिकर्षण शाळेत शिकलोय सगळे, बोलताना ‘पाणी उडवणारा लेप’ पुरे, ‘टिकाऊ’ गाळाच. आणि रीप्रूफिंगला, म्हणजे लेप पुन्हा चढवण्याला, माझ्याकडे एकच शब्द आहे, कल्हई.